मार्तंडरावांची विणायची सुई

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाद्यवृंद आणि समूहगान मंडळाला दोन पुढारी आहेत. वाद्यांचे मार्तंडराव देवतळे आणि गळ्यांच्या प्रेमिलाबाई. एकाला कान नाही, दुसरीला तोंड नाही. मंडळ तरीही पंचवीस वर्षं चाललं. ते कोणाच्या जिवावर चाललं, हे एकदा कोणीतरी लिहून ठेवलं पाहिजे, म्हणून मी बसले आहे.

मार्तंडराव मूळचे सावनेरकडचे. नागपुरात एका पतसंस्थेत त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली. आता कार्यक्रमपत्रिकेवर स्वतःच्या नावापुढे ‘माजी अधिकारी’ छापतात. कोणत्या खुर्चीचे अधिकारी, हे विचारायचं नाही. ‘तरुणपणी मी ऑर्केस्ट्रात होतो,’ हे वाक्य प्रत्येक कार्यक्रमात एकदा येतंच. होते, खोटं नाही. गणपतीच्या दहा दिवसांत गावोगाव फिरणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात गाण्याच्या आधी माइकवर येऊन ‘आता सादर करीत आहोत’ म्हणायचं काम त्यांच्याकडे होतं.

हात हलवायला ते सव्वीस जानेवारीच्या बँडमास्तरकडे बघून शिकले. बँडमास्तरकडे छडी होती, म्हणून यांनाही छडी हवी झाली. घरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, स्वेटर विणत होत्या. त्यांच्या हातातली एक सुई उचलून आणली. हिरवी, प्लॅस्टिकची, मागे गोल टोपी असलेली. वहिनींचा एका बाहीचा स्वेटर आजही ट्रंकेत पडून आहे.

बरं, प्रेक्षकांकडे पाठ करणं यांना असभ्य वाटतं. म्हणून ते तिरके उभे राहतात. लोकांना चेहरा दिसला पाहिजे ना! मग आमच्यातल्या अर्ध्यांना सुई दिसते आणि अर्ध्यांना कोपर. ज्यांना कोपर दिसतं ते प्रीतमच्या ढोलकीकडे बघून गातात. ज्यांना सुई दिसते तेही ढोलकीकडेच बघतात. प्रीतमच्या वडिलांची भीमगीतांची पार्टी होती. ठेका त्याच्या घरचा आहे, तो सुईला विचारून वाजवत नाही.

प्रेमिलाबाई शाळेत गाणं शिकवत होत्या. कान तयार. मागच्या ओळीत कोणाचा निषाद घसरला, ते डोळे मिटून सांगतील. पण दोघांनी पहिल्याच वर्षी वाटणी करून घेतली. वाद्यांच्या कामात बाईंनी बोलायचं नाही आणि साड्यांच्या रंगात मार्तंडरावांनी बोलायचं नाही. सख्खे भाऊसुद्धा शेताचा धुरा, म्हणजे बांध, इतक्या इमानानं पाळत नाहीत.

आणि आमच्या सिंधूताई. वय एकाहत्तर. आमच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहतात. मुलगा हैदराबादला, नवरा जाऊन तीन वर्षं झाली. मंडळाच्या पहिल्या दिवसापासून त्या आहेत, पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या. गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचं छोटं देऊळ आहे, तिथली सकाळची आरती चाळीस वर्षं त्याच उचलतात. तिथे पेटी नाही, तंबोरा नाही, एक घंटा आहे तीही चिरलेली. सिंधूताई तोंड उघडतात आणि आम्ही बाकीच्या त्यांच्या मागून जातो. रोज त्याच सुरात. कधी अर्धा इंच वर नाही की खाली नाही. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाचला मंडळाचा सराव असतो, त्या दोन दिवशी त्यांच्या घराला चार वाजताच कुलूप लागायचं.

आता थोडं पट्टीबद्दल सांगते. सा कुठला धरायचा, त्याला पट्टी म्हणतात. आमच्या मंडळाची पट्टी काळी दोन. पंचवीस वर्षांत बदलली नाही. पूर्वी पेटी होती तेव्हा वाजवणारा काळ्या दोनवरून वाजवायचा. मग मार्तंडरावांनी विजेवरचा कीबोर्ड आणला आणि स्वतःच वाजवायला बसले. त्यांची बोटं फक्त पांढऱ्या एकवरून चालतात. पण कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबून छोट्या खिडकीत तीनचा आकडा आणला की बोटं पांढऱ्या एकवर ठेवली तरी आवाज काळ्या दोनचा निघतो. म्हणजे अडाण्याचं अडाणीपण झाकायची सोय. ती सोय यांनी विद्या म्हणून मिरवली.

या वर्षी मंडळाला पंचवीस वर्षं झाली, जानेवारीत मोठा कार्यक्रम ठरला. सभागृहाच्या रंगमंचावर ज्या लाकडी पायऱ्या ठेवतात त्यांवर चोवीसच माणसं मावतात, असं मार्तंडरावांनी जाहीर केलं. आम्ही गाणारे पंचवीस. म्हणून चाचणी.

डिसेंबरचा पहिला शनिवार. समाजभवनात आम्ही सगळे दाटीवाटीनं बसलो होतो. वाद्यवाल्यांना सुट्टी होती. मार्तंडराव सुई घेऊन उभे राहिले. मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी उस्तादाचं काहीतरी बघून आले असावेत.

“आज कोणालाही सा मिळणार नाही,” ते म्हणाले. “खऱ्या गायकाचा सा डोक्यात असतो. तुम्ही स्वागतगीताची पहिली ओळ म्हणायची. ओळ संपली की मी कीबोर्ड दाबून तपासणार.”

स्वतःचा सा बटणात ठेवणारा माणूस हे बोलत होता.

“मोठ्यांना मान. सिंधूताई, या तुम्ही आधी.”

सिंधूताई उठल्या, पदर नीट केला, डोळे मिटून हात जोडले आणि ओळ म्हटली. मी आरतीत रोज ऐकते तोच सूर. ओळ संपली, मार्तंडरावांनी कीबोर्डची पट्टी दाबली, आणि एकाच खिडकीत दोन मांजरी समोरासमोर आल्यावर जसा आवाज होतो तसा झाला.

“उतरल्या,” मार्तंडराव म्हणाले. “पुन्हा म्हणा.”

पुन्हा म्हटली. पुन्हा पट्टी. पुन्हा मांजरी.

“बघा, पुन्हा तिथेच उतरल्या!”

ज्याला डोकं आहे त्याला इथेच कळलं असतं. घसरणारा माणूस दोन्ही वेळा नेमका त्याच जागी पडत नाही. पण डोकं सुईत नसतं.

दुसरा नंबर माझा. तोवर कीबोर्डचा तो आवाज माझ्या कानात बसला होता, मी त्यातूनच ओळ उचलली आणि पास झाले. माझ्यानंतरच्या सगळ्यांनी तेच केलं. आधीच्याच्या वेळी दाबलेली पट्टी पुढच्याला आयता सा देत गेली. डोक्यातला सा आणून गायलेली बाई त्या दिवशी एकच होती, आणि तीच नापास झाली. हे मला तेव्हा कळलं नाही. पास झाल्याचा आनंद झाला होता, तोही लिहून ठेवते.

प्रेमिलाबाईंना मात्र कळलं असावं. सिंधूताईंची ओळ संपून पट्टी दाबली तेव्हा त्यांची मान झटकन वर आलेली मी पाहिली. मग ती पुन्हा साड्यांच्या यादीत गेली. वाटणी ती वाटणी.

“सिंधूताई, तुम्ही नाराज व्हायचं नाही,” मार्तंडराव शेवटी म्हणाले. “तुम्हाला स्वागत समितीत घेतलंय. दारात उभं राहून गुलाबपाणी शिंपडायचं.”

“बरं भाऊ,” सिंधूताई म्हणाल्या. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गेल्या.

मंगळवारी त्या सरावाला आल्या नाहीत, हे समजण्यासारखं होतं. पण बुधवारी सकाळी देवळात आरतीची वेळ झाली, निरांजन लागलं, सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघतायत आणि त्या गप्प. डोळे पांडुरंगाच्या पायांवर. शेवटी कोणीतरी भलत्याच सुरात सुरुवात केली आणि आम्ही कशीबशी आरती ओढत नेली. सिंधूताई नुसत्या टाळ्या वाजवत होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी मला गाठलं. “गोपिका, खरं सांगजो वं. माहा सूर सुटला काय?”

“काहीतरीच काय बोलता ताई!”

“नाई, भाऊनं दोनदा पाह्यलं ना. दोन्ही खेपी उतरला. इतकी वर्षं मी देवापुढं बेसूर गाऊन राहिलो काय? कोणी सांगतलंही नाई मले.”

पायऱ्यांवरची जागा जाते, ठीक आहे. पण या बाईचं आता स्वतःच्या गळ्यावरचंच मन उडालं होतं. नवरा गेला तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आरतीला उभी राहिलेली बाई ही. आता तोंड उघडत नव्हती.

इकडे सरावात गंमत सुरू झाली. आमचा बासरीवाला रुपराव शहराबाहेर वाडीला राहतो, तिथेच ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला आहे. दिवसभर ट्रकांचा माल मोजतो आणि संध्याकाळी एवढ्या लांबून स्कूटरवर येतो. बासरीला बटण नसतं. बांबूला भोकं पाडली तेव्हाच तिचा सा ठरलेला असतो. रुपरावनं बासरी तोंडाला लावली आणि पुन्हा त्याच मांजरी.

“रुपराव, तुझी बासरी उतरली,” मार्तंडराव सुई त्याच्याकडे रोखून म्हणाले.

“थंडीनं उतरली असन भाऊ. होते तसं.”

बिचारा बासरी स्वेटरच्या आत बगलेत धरून बसला. मग फुंकर मारून तापवली. पुढच्या खेपेला मफलरात गुंडाळून आणली, जसं काही बाळंतिणीचं पोर. मांजरी काही जाईनात. आणि आम्हा बायकांचे गळे वरच्या सुरावर जाऊन फाटायला लागले. प्रेमिलाबाईंनी सगळ्यांना ज्येष्ठमध वाटला. तोंडात ज्येष्ठमध धरून आम्ही दोन आठवडे किंचाळलो, पण बाईंच्या तोंडून शब्द निघाला नाही.

एका शनिवारी मधल्या चहाला सगळे बाहेर गेले. रुपराव एकटाच कीबोर्डजवळ वाकून उभा होता. मी कप द्यायला गेले.

“काकू, इथं तीन राह्यते ना नेहमी?”

“तीनच.”

“पाहा ना तुम्ही. चार दिसून राहिले.”

चष्मा लावून पाहिलं. चार. चाचणीच्या दोन दिवस आधी मार्तंडरावांचा पुतण्या कोणाच्या तरी लग्नातल्या संगीताला हा कीबोर्ड घेऊन गेला होता, त्यानं आकडा बदलला आणि तसाच परत आणून ठेवला. तेव्हापासून मार्तंडराव पांढऱ्या तीनमध्ये, म्हणजे अर्धा सूर वर, वाजवत होते आणि त्यांना वाटत होतं काळी दोन आहे. रुपरावनं बटण दाबून तीन केला, एका हातानं पट्टी धरली, दुसऱ्या हातानं बासरी फुंकली. दूध-साखरेसारखं मिसळलं. माझ्या अंगावर काटा आला. बासरीमुळे नाही. सिंधूताईंमुळे.

चहा झाल्यावर सगळ्यांच्या देखत रुपरावनं सांगितलं. मार्तंडरावांनी कीबोर्डच्या खिडकीकडे पाहिलं, सुईची टोपी दोनदा फिरवली आणि म्हणाले, “मीच ठेवला होता चार. मुद्दाम. कोणाच्या लक्षात येतं ते बघत होतो.”

प्रीतमनं ढोलकीवर एक थाप मारली. हसू झाकायला मारली, सगळ्यांना कळलं.

“एकटीच्या गळ्याच्या लक्षात आलं होतं,” मी म्हणाले. “सिंधूताईंच्या. त्यांना तुम्ही गुलाबपाणी दिलंत.”

“गोपिकाबाई, यादी छापायला गेली. आणि त्यांचं वयही झालंय.”

“तुमच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या आहेत.”

“तुले काय समजते गाण्यातलं!” राग आला की यांचं पुस्तकी मराठी गळून पडतं आणि खालून सावनेर निघतं. “काहून मांगं लागली माह्या!”

मी तशीच सिंधूताईंकडे गेले. आकडा, पुतण्या, बासरी, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या हातावर हात ठेवला.

“तुझं मन चांगलं हाय. पन मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिली तू. भाऊनं म्हटलं काय असं?”

“भाऊंनी नाही म्हटलं.”

“मंग?”

भोळ्या माणसांचं हेच वाईट असतं. ज्यानं मोडलं त्याच्याच तोंडून त्यांना ऐकायचं असतं.

मंगळवारी आम्ही सगळ्या बायका सरावाला गेलो आणि खाली बसून राहिलो. मार्तंडरावांनी सुई वर केली. कोणी उठेना.

“काय तमाशा आहे हा?”

“सिंधूताईंच्या घरी जा,” मी म्हणाले. “एवढंच म्हणा, ‘तुम्ही सुरात होता, चूक माझी.’ मग आम्ही उठतो.”

त्यांनी प्रेमिलाबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “मला साड्यांना फॉल लावून घ्यायचाय, पण चला.” पंचवीस वर्षांत धुरा ओलांडला तो इतकाच.

निघालो. पुढे मार्तंडराव, मागे बाई, मी, आणि बासरीची पिशवी खांद्याला लावून रुपराव. वाटेत मार्तंडरावांनी पाव किलो पेढे घेतले आणि दुकानदाराकडून अर्ध्या किलोचा डबा मागून घेतला.

सिंधूताई देवासाठी वाती वळत बसल्या होत्या. आम्हाला पाहून गडबडल्या, चटई टाकली. मार्तंडराव बसले. डबा पुढे सरकवला. घसा साफ केला. मी मनात म्हटलं, पांडुरंगा, या माणसाच्या तोंडून चार शब्द काढ.

“त्याचं काय आहे सिंधूताई,” मार्तंडराव म्हणाले, “त्या दिवशी काही तांत्रिक बाबी होत्या. तर मंडळानं असा विचार केलाय की तुमची फेरचाचणी घ्यावी.”

देवानं ऐकलं नाही. किंवा ऐकलं असेल, वेगळ्या तऱ्हेनं.

सिंधूताईंनी हातातली वात पुरी वळली, ताटलीत ठेवली. “घ्या ना भाऊ. आताच घ्या. पन या खेपी तुम्ही मले सा द्या. काळ्या दोनचा.”

“इथे कीबोर्ड कुठाय?”

“तुम्हीच म्हटलं होतं ना, खऱ्या गायकाचा डोक्यात राह्यते. द्या मंग डोक्यातला.”

हे त्या टोमणा म्हणून बोलत नव्हत्या. खरंच मागत होत्या. मंडळाचा पुढारी आहे, त्याला सा येत असणार, तो आपल्याला देईल आणि आपण त्यात मिळवून बघू, एवढाच त्यांचा हिशोब. म्हणून तर मार्तंडरावांना ते जास्त लागलं असावं.

मार्तंडरावांनी छताकडे पाहिलं. ओठ पुढे काढले. “साऽऽ” असं काहीतरी निघालं, ते मध्येच खाली गेलं, वर आलं, पुन्हा खोकल्यात संपलं. “मला सर्दी आहे,” ते म्हणाले. प्रेमिलाबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या. मागच्या महिन्याचं पान होतं.

सिंधूताई देव्हाऱ्याकडे वळल्या, डोळे मिटले आणि सा लावला. आधी हलका. घाबरलेला. मग उघडा.

दारात उभ्या रुपरावनं पिशवीतून बासरी काढली आणि फुंकली. खोलीत दोन आवाज आहेत हे कळेना. रुपरावनं बासरी काढून घेतली तरी सा तिथेच होता.

सिंधूताईंनी डोळे उघडले. मार्तंडरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. रुपरावला म्हणाल्या, “हाय ना गा?”

“हाय ना काकू. कुठं जाते!”

“मले वाटलं गेला.” पदरानं डोळे पुसले. मग डबा उघडून सगळ्यांना एकेक पेढा दिला, मार्तंडरावांना दोन दिले. डबा तेवढ्यात रिकामा दिसायला लागला.

“तर मग फेरचाचणीत उत्तीर्ण,” मार्तंडराव तोंडात पेढा ठेवून म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

सिंधूताई आमच्याबरोबरच सरावाला निघाल्या. रस्त्यात मी त्यांच्यावर चिडले. “ताई, त्यांना काहीतरी बोलायचं होतंत!”

“काहून? मले गायचं हाय वं, भांडायचं नाई. चूक त्यायनं म्हटली काय, नाई म्हटली काय. सूर माह्याजवळ हाय, एवढं समजलं. पुरे.”

मला पुरे नव्हतं, आजही नाही. म्हणून तर लिहिते आहे.

कार्यक्रमाला चोवीसच्या पायऱ्यांवर पंचवीस माणसं उभी राहिली. पायऱ्या मोडल्या नाहीत. सिंधूताई पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या. मार्तंडरावांनी कीबोर्डच्या बटणावर चिकटपट्टी लावली होती, पण त्या दिवशी त्यांना कीबोर्डवर बसायचंच नव्हतं, मिरवायचं होतं. माइक घेऊन म्हणाले, “तरुणपणी मी ऑर्केस्ट्रात होतो. तेव्हापासून माझी एक शिस्त आहे. माझ्या गायकांना मी सा देत नाही. त्यांना तो डोक्यात ठेवायला शिकवलंय मी.”

टाळ्या पडल्या. ते तिरके झाले, हिरवी सुई वर केली. त्या घटकेला प्रेमिलाबाईंनी सिंधूताईंकडे पाहिलं आणि मान एवढीशी हलवली. सिंधूताईंनी ओठ न उघडता सा धरला. तो मी घेतला, माझ्या शेजारणीनं घेतला, मागच्या रांगेतल्या पुरुषांनी घेतला. प्रीतमची थाप पडली. मग सुई खाली आली, थोडी उशिराच. दुसऱ्या दिवशी कोणत्याशा पेपरात फोटो आला. त्यात सुई होती, चेहरा होता, आम्ही सगळे मागे धूसर.

त्याच दिवशी सकाळी देवळात आरती सिंधूताईंनी उचलली. मार्तंडराव कधी नाही ते आले होते, पेपर काखेत घेऊन, चार लोकांना दाखवायला. आरतीत त्यांनीही टाळ्या वाजवल्या. ठेक्याच्या मागे, मग पुढे, मग पुन्हा मागे. सिंधूताईंचा सूर काही हलला नाही. प्रसाद घेताना मार्तंडराव मला म्हणाले, “बघितलंत गोपिकाबाई, आवाज कसा तयार झालाय यांचा? शिस्तीनं होतं.”

मी त्यांच्या हातावर खडीसाखरेचे दोन खडे ठेवले आणि पुढच्या माणसाकडे वळले.